मदत हवी आहे: मुंबईत मोठ्या हॉटेल साखळीत ट्रेनी व्हावं की गोव्यात थेट असोसिएट (नियमित कर्मचारी)?

नमस्कार मंडळी,

मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर सांगलीला. कॅम्पसमधून दोन ऑफर आल्यात आणि याच आठवड्यात कळवायचंय. हॉटेल लाइनमधल्या ताई-दादांचा सल्ला हवाय.

पहिली ऑफर मोठ्या साखळीच्या, विमानतळाजवळच्या पंचतारांकित हॉटेलची, फ्रंट ऑफिसला ट्रेनी म्हणून. बायोडेटावर हे नाव असलं की पुढची नोकरी सोपी जाते, असं सर सांगतात. पण राहायची सोय नाही. अंधेरीतल्या पीजीचं भाडं दिलं की स्टायपेंड जवळजवळ संपतो.

दुसरी गोव्यातल्या रिसॉर्टची. थेट असोसिएट, स्टाफ क्वार्टर, जेवण कॅफेटेरियात. पगाराचा आकडा मोठा आहे, पण त्यात सर्व्हिस चार्जचा, म्हणजे ग्राहकाच्या बिलावर लावलेल्या सेवा शुल्काचा, वाटा धरलाय. ग्राहकाकडून तो सक्तीने घेऊ नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते कायम ठेवलं. मग जून ते सप्टेंबर, रिसॉर्ट अर्धं रिकामं असताना, हातात नक्की किती पडतं? गोव्यात काम केलेल्यांनी कृपया खरं सांगा.

वर्गातली बहुतेक मुलं ब्रँड बघून हो म्हणतात. मला ते पटत नाही. मॅरियट, हयातसारख्या साखळ्यांची भारतातली बरीच हॉटेलं दुसऱ्याच मालकाची असतात, साखळी ती फक्त चालवते. म्हणून एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टीत वातावरण अगदी वेगळं असू शकतं. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला मला हाउसकीपिंगच्या मॅडमनी रूम इन्स्पेक्शनपासून रोस्टर (कुणाची ड्युटी कधी, ते वेळापत्रक) लावण्यापर्यंत सगळं हाताला धरून शिकवलं. त्याच साखळीच्या दुसऱ्या हॉटेलात मैत्रीण पूर्ण वेळ फक्त कटलरी पुसत होती. तिने आता हॉटेलात जायचंच नाही असं ठरवलंय, आणि ती आमच्या वर्गातली सर्वात हुशार मुलगी आहे. सीनियर मुलींपैकीही बऱ्याच जणी लाइन सोडून बँकेत गेल्या. पगारापेक्षा ब्रेक शिफ्ट (मध्ये काही तास सोडून दोन तुकड्यांत ड्युटी) आणि रात्री परतायला गाडी नसणं, ही कारणं त्या आधी सांगतात.

त्यामुळे मला विचारायचंय ते असं: सही करण्याआधी त्या प्रॉपर्टीबद्दल आतली माहिती कशी काढायची? एचआरला बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), कन्फर्मेशन (नोकरी कायम होणं) आणि नाइट ड्रॉपबद्दल (रात्री घरी सोडणारी गाडी) स्पष्ट विचारलं तर चालतं का, की ऑफर जाते? मूळ मार्कशीट मागितल्या तर द्याव्यात का? आणि गोव्यात वर्षभर काढून पुन्हा मोठ्या साखळीत शिरलेलं कुणी इथे आहे का? असेल तर कोणत्या पदावर घेतलं, तेही सांगा.