उन्हाळी सुट्टीत सार्वजनिक ग्रंथालयांनी मुलांसाठी काय करावे? सोलापुरातील चर्चा

निवृत्त शिक्षिका, साखर पेठ

मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात आणि त्याच काळात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. ज्यांना परवडते ते मुलांना सशुल्क शिबिरात घालतात. पूर्व भागात मात्र, जिथे वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळण्यात गुंतलेली असते, तिथली मुले एकतर उन्हात भटकतात किंवा एका खोलीत मोबाइल घेऊन बसतात. माझी मागणी अशी आहे, की शहरातील शासनमान्य ग्रंथालयांनी या मुलांना सुट्टीपुरते वर्गणी आणि अनामत न घेता सभासद करून घ्यावे, पुस्तके घरी न्यायला द्यावीत आणि आठवड्यातून दोनदा सकाळी गोष्टवाचन, चित्रे, कोडी, हस्तलिखित असे उपक्रम विनामूल्य घ्यावेत.

ब्रिटनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत १९९९ पासून दर उन्हाळ्यात असा उपक्रम चालतो. मूल नाव नोंदवते, सुट्टीत साधारण सहा पुस्तके वाचायचे ठरवते आणि कोणती पुस्तके वाचायची हे स्वतः निवडते. जवळचेच उदाहरण हवे असेल तर कर्नाटकाकडे पाहावे. तिथे २०२० पासून ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम सुरू झाली. आपल्या शहराला तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही लागते. बालभारती या चारही भाषांत पाठ्यपुस्तके काढते, पण त्या भाषांतील गोष्टीची पुस्तके आपल्या बालविभागांत फारशी सापडत नाहीत, याची मला खंत वाटते.

एका ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य

बाईंच्या तळमळीबद्दल आदर आहे, तरी या मागणीला माझा विरोध आहे. ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालये मुख्यतः स्थानिक शासनाची जबाबदारी असतात. आपल्याकडे बहुसंख्य ग्रंथालये संस्था चालवतात आणि शासन त्यांना परिरक्षण अनुदान, म्हणजे चालवण्याच्या खर्चासाठी मदत, देते. कर्नाटकाच्या कायद्यात ग्रंथालय उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी करावर जादा आकारणी करण्याची, तरतूद आहे, आपल्या १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ती नाही. मिळालेल्या अनुदानातूनच सेवकांचे वेतन, ग्रंथखरेदी, नियतकालिके आणि वीजबिल भागवावे लागते, आणि ते वेतन किती तुटपुंजे असते हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या ग्रंथपालाला देवघेव, नोंदी आणि अनुदानाची कागदपत्रे एकट्याने सांभाळावी लागतात, त्याच्याकडून भर मे महिन्यात पन्नास मुलांचे शिबिर घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अनामत न घेता दिलेली पुस्तके हरवली तर ती पुन्हा घेण्यासाठी वेगळा निधी कुठून आणायचा?

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

आमच्यापैकी अनेकांच्या घरी अभ्यासाला जागा नाही, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून वाचणे शक्य होत नाही, म्हणून आम्ही सकाळपासून ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत असतो. शेजारच्या दालनात गोष्टी आणि गाणी सुरू झाली तर आमचे वाचन थांबेल. मुलांना वेगळी जागा द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

यंत्रमाग कामगार आणि पालक, अशोक चौक परिसर

बाई, तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. मात्र ग्रंथालयात या असे सांगून आमची मुले येणार नाहीत. पाळी सुटेपर्यंत आम्ही मागावर असतो, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीला रस्ते ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला कोण घेऊन जाणार? उपक्रम वस्तीत आला पाहिजे. आमच्या भागातील महापालिकेच्या शाळांचे वर्ग सुट्टीत रिकामे असतात; तिथे पुस्तकांची एक पेटी आठवड्याने बदलत राहिली तरी पुष्कळ होईल. वेळ मात्र सकाळी दहाच्या आत असावी आणि पिण्याच्या पाण्याची सोय आधी पाहावी, कारण या शहरात नळाला रोज पाणी येत नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवू नये. माझ्या मुलीने एका शिबिरात प्रमाणपत्रासाठी नुसती पाने उलटली आणि त्यातली एकही गोष्ट तिला सांगता आली नाही. एकच पुस्तक चार वेळा वाचणारे मूलही वाचकच आहे.

निवृत्त शिक्षिका, साखर पेठ

बक्षिसाचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि जागेचाही. शाळेचे वर्ग मिळाले तर अभ्यासिकेतील मुलांची अडचणही उरणार नाही. गोष्ट वाचून दाखवण्याचे काम माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी करू शकतील. तेलुगू आणि कन्नड गोष्टींसाठी वस्तीतल्याच आजींना बोलवावे, त्यांच्याइतकी सहज ती भाषा दुसऱ्या कोणाच्या तोंडी नसते. ग्रंथपालावर फक्त पुस्तके निवडण्याचा आणि पेटीची नोंद ठेवण्याचा भार राहील.

अनामतीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे म्हटले आहे. जिथे आठवड्याची मजुरी किराणा आणि भाडे यांतच संपते, तिथे अनामतीची लहानशी रक्कमही मुलाला दारातूनच परत पाठवते. काही पुस्तके फाटतील आणि काही परत येणार नाहीत, हे गृहीत धरूनच ग्रंथालयाने बालविभाग चालवला पाहिजे. बालविभागातील पुस्तके वर्षानुवर्षे कोरी राहणे हे मला पुस्तक हरवण्याहून मोठे नुकसान वाटते.

कार्यकारी मंडळाचे सदस्य

शाळेच्या वर्गांत पेटी ठेवण्याची सूचना व्यवहार्य आहे आणि ती मी मंडळाच्या बैठकीत मांडेन. अनामतीऐवजी मुख्याध्यापकांनी किंवा वस्तीतील परिचित व्यक्तीने हमीपत्र द्यावे. अजिबात हमी नसावी, हे मला अजूनही पटत नाही. माझी दुसरी अट पैशांची आहे. पेटी नेणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या सेवकाला त्या दिवसांचे स्वतंत्र मानधन मिळाले पाहिजे, आणि ते वाचकांच्या वर्गणीतून न काढता महापालिकेकडे मागावे. त्यासाठीचा अर्ज मार्चपूर्वी, अंदाजपत्रक ठरत असतानाच द्यावा लागेल. त्या अर्जावर बाईंची आणि अशोक चौकातील पालकांचीही सही असेल, तर मी तो स्वतः घेऊन जाईन.