ईव्ही घेतली शांततेसाठी आणि आता वाऱ्याचा आवाज छळतोय. दाराला लॅमिनेटेड काच बसवू का?

कोथरूड_ते_बीकेसी

नमस्कार मंडळी. चौदा वर्षं डिझेल सेडान चालवली, सात महिन्यांपूर्वी ईव्ही घेतली. कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहून माझी गाडी की तुझी गाडी सुरू होईल. शहरात गाडी म्हणजे सुख आहे, सिग्नलला उभं राहिलं की पंख्याचा सुद्धा आवाज ऐकू येतो. पण आठवड्यातून दोनदा मुंबईला जावं लागतं आणि एक्स्प्रेसवेवर नव्वदच्या पुढे गेलं की उजव्या कानाशी, आरशाच्या बाजूने सूंऽऽ असा आवाज सुरू होतो, आणि खालून एक वेगळीच गुणगुण. डिझेलमध्ये हे कधी जाणवलं नव्हतं हो, तिथे इंजिनच एवढं बोलायचं.

म्हणून गेल्या महिन्यात चारही दारांना डॅम्पिंग करून घेतलं, ते काळे चिकट बुटाइलचे पत्रे दाराच्या आत चिकटवतात ते. १८ हजार गेले. दार आता बंद करताना मस्त धप्प वाजतं, मोबाइलच्या अ‍ॅपवर आधी ७१ डीबी (डेसिबल) दाखवायचं आता ६९ दाखवतंय, पण तो सूं आवाज उलट जास्त वाटतोय!! बायको म्हणते तुझ्या डोक्यात आहे, मागे बसून मला काही ऐकू येत नाही.

आता दुकानदार म्हणतो साउंडप्रूफ फिल्म लावा आणि पुढच्या दोन दारांना लॅमिनेटेड काचा टाका, दोन्ही मिळून ३८ हजार. कोणी केलंय का असं? फरक पडतो का?

निवांत_मावळा

काच पूर्ण खाली करा, पाच मिनिटं तशीच चालवा, मग वर करा. एकदम शांत वाटेल. ३८ हजार वाचले, मला मिसळ द्या.

काचवाला_नाशिक

दादा थांबा, पैसे देऊ नका अजून. वीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय, लांब लिहितो पण वाचा.

आधी तुमच्या दाराला कुठली काच आहे ते बघा. काच अर्धी खाली करा आणि वरच्या कडेकडे बघा, मधोमध एक बारीक रेघ दिसली तर ती लॅमिनेटेड, दोन काचांच्या मध्ये पीव्हीबीचा पारदर्शक थर असतो त्याची ती रेघ. एकसंध दिसली तर टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली एकच काच. कोपऱ्यात शिक्का असतो तिथेही लिहिलेलं असतं बरेचदा. आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून बघा, टफन्ड काचेवर चट्टे चट्टे दिसतात. पुढची मोठी काच सगळ्यांचीच लॅमिनेटेड असते, प्रश्न फक्त दारांचा.

आता फरक का पडतो. दाराची टफन्ड काच साधारण साडेतीन चार मिलीची असते. एवढ्या जाडीची काच ३००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाबरोबर स्वतःच थरथरते, त्यामुळे तेवढा आवाज जवळजवळ मोकळाच आत येतो. आणि दुर्दैव असं की माणसाचा कान पण तिथेच सगळ्यात तिखट असतो. तुमचा तो सूं आवाज बहुतेक त्याच पट्ट्यातला. लॅमिनेटेडमधला मऊ थर ती थरथर खाऊन टाकतो म्हणून वाऱ्याचा आवाज कमी होतो. पण खालून येणारी जी गुणगुण म्हणताय तिला काचेशी घेणंदेणं नाही, ती काच बदलून जाणार नाही, शून्य.

डॅम्पिंगने पत्र्याचा ढबढब आवाज गेला, म्हणजे जो जाड आवाज बारीक आवाजाला झाकत होता तोच गेला, मग बारीक आवाज उघडा पडला. अ‍ॅपचं फार मनावर घेऊ नका, मोबाइलचा माइक बोलणं पकडायला केलेला असतो, आणि दोन डीबीचा फरक कानाला धड कळत पण नाही. निम्मा आवाज झाला असं वाटायला साधारण दहा डीबी कमी व्हावे लागतात.

फिल्मबद्दल स्पष्ट सांगतो, मी विकतो तरी सांगतो. एवढ्या पातळ फिल्मने आवाज अडत नाही, ऊन अडतं. शिवाय २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हापासून नाक्यावर हुज्जत घालायची तयारी ठेवा. आणि बाहेरची लॅमिनेटेड काच टाकायची तर जाडी बदलते, रबराच्या खाचेत घट्ट बसते, वजन वाढलं की पॉवर विंडोची मोटर कुरकुरते, आणि ऑटो अपवाली, म्हणजे बटण एकदा दाबलं की आपोआप वर जाणारी काच अर्ध्यात अडून परत खाली येते. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीतून लॅमिनेटेड येत असेल तर तीच काच मागवा, नाहीतर नको.

पण त्याच्याही आधी चिकटपट्टीची परीक्षा करा. मास्किंग टेप घ्या, पहिल्या दिवशी फक्त आरशाच्या बुडाशी जी फट असते तिच्यावर लावा आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडने जा. दुसऱ्या दिवशी ती काढून काचेच्या खालची बाहेरची रबरपट्टी असते तिच्यावर लावा. कुठल्या दिवशी आवाज गेला ते सांगा. आणि दारात दहाची नोट धरून दार लावा, मग ओढा. चारी बाजूंनी सारखीच अडकायला पाहिजे. जिथून सहज सरकली तिथे बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, नीट बसलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं, डॅम्पिंगवाल्याने दाराची आतली पॅनल काढली असणार ना? सूं आवाज त्याच्या आधीही एवढाच होता का?

ऑरेंजसिटी_चार्जर

भाऊ ती खालची गुणगुण टायरची आहे, लिहून घ्या. आम्ही समृद्धीवर चालवतो, सगळा काँक्रीट, ७०१ किलोमीटर आणि लिमिट १२०, तिथे तर कानाला झिणझिण्या येतात. काँक्रीटवर पाणी थांबू नये, पकड राहावी म्हणून आडव्या बारीक खाचा मारलेल्या असतात, टायर त्यावरून गेला की सूर निघतो. तुमचा एक्स्प्रेसवे पण बराचसा काँक्रीटच आहे. एक करा, काँक्रीट संपून डांबर लागतं तिथे लक्ष द्या, पाय तसाच ठेवा स्पीड तीच ठेवा, गुणगुण एकदम बंद झाली तर टायर. वाऱ्याला खाली काँक्रीट आहे का डांबर त्याच्याशी काय करायचं.

आणि हवा किती भरता ते बघा राजेहो. रेंज वाढावी म्हणून लोक चार पाच पीएसआय जास्त भरतात आणि मग आवाज येतो म्हणून काचा बदलतात. दाराच्या खांबावर स्टिकर असतो तेवढीच भरा, सकाळी गाडी थंड असताना.

म्युनिकचा_जोशी

इकडचा अनुभव लिहितो. माझ्याकडे आधी २०१९ची टेस्ला मॉडेल थ्री होती, सगळ्या दारांना साधी टफन्ड. २०२१च्या मॉडेलपासून त्यांनी पुढच्या दारांना लॅमिनेटेड दिली आणि पुढे जी नवीन आवृत्ती आली तिच्यात मागेही. लोक त्याला डबल ग्लास म्हणतात आणि घरच्या खिडकीसारखी मध्ये हवा असेल असं समजतात, तसं नाही, हीच ती काचवाले दादांनी सांगितली ती. नवीन गाडीत १३० ला मागच्या सीटवरच्या आईशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं, आधी ओरडावं लागायचं. पण गंमत म्हणजे त्या बदलात नुसती काच नव्हती, सील, टायर, सस्पेन्शनचे बुश सगळंच बदललेलं, त्यामुळे काचेचं श्रेय किती ते सांगणं अवघड. आणि वारा भयंकर वाढतो हो, स्पीड दुप्पट केली की वाऱ्याचा आवाज दीडपट दुप्पट नाही, १५ ते १८ डीबीने चढतो. मी इथे १३० वर आलो की कधी कधी ११५ करतो, आवाजही कमी आणि बॅटरी पण टिकते.

ठाणेकर_मीनल

सगळे आवाजाचंच बोलतायत, एक गोष्ट कोणी सांगितली नाही. टफन्ड काच हातोडीच्या टोकाने एका फटक्यात भुगा होते, लॅमिनेटेड होत नाही. तडे जातात पण मधला थर धरून ठेवतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाणी चढलं तेव्हा गाड्यांत अडकून माणसं गेलीत, त्या दिवशी मी कुर्ल्याला होते, विसरत नाही. पुढे लॅमिनेटेड टाकलीत तर मागच्या दाराला टफन्ड राहू द्या आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या की फोडायची वेळ आली तर मागची फोडायची. बाकी लॅमिनेटेडचा फायदा पण आहे, चोराला पटकन फुटत नाही.

कोथरूड_ते_बीकेसी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशीर झाला कारण दोन फेऱ्या करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काच टफन्डच निघाली, गॉगलमधून चट्टे दिसले, मुलाला दाखवले तर तो आता सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा तपासतोय. आरशाला टेप लावली, काही फरक नाही. दुसऱ्या फेरीला खालच्या रबरपट्टीवर लावली आणि आवाज गायब!! म्हणजे वारा आहेच, पण ती शिट्टी गेली. गाडी थांबवून नीट पाहिलं तर उजव्या दाराची पट्टी आरशाच्या बाजूला दोन बोटं वर उचललेली होती, आत क्लिप बसलीच नव्हती. काचवाले दादा तुमचा प्रश्न वाचला तेव्हाच पोटात गोळा आला होता. नीट आठवलं तर आधी नुसता भर्र असा वारा होता, शिट्टी डॅम्पिंगनंतरच सुरू झाली. म्हणजे १८ हजार देऊन शिट्टी विकत घेतली मी. दुकानदाराला फोन केला तर म्हणे आधीपासूनच असेल. वाद न घालता सर्व्हिस सेंटरला क्लिप टाकून घेतली, १४० रुपये.

गुणगुण टायरचीच. उर्से टोलच्या अलीकडे एक डांबरी पट्टा लागला तिथे बटण दाबल्यासारखी बंद. हवा पण ४ पीएसआय जास्त होती, मीच भरायला सांगायचो, रेंजसाठी, बरोबर ओळखलंत.

काचांचा विषय सध्या बंद. बायकोला सांगितलं की डोक्यात नव्हतं, दारात होतं, तर म्हणाली १८ हजार मात्र डोक्यामुळेच गेले.

आता एकच, टायर ३० हजार किमीला आलेत. आतून फोम लावलेले शांत टायर मिळतात ते घ्यावेत का? पंक्चर निघतं का त्यांचं?

काचवाला_नाशिक

फोम टायरच्या आतल्या हवेचा घुमणारा आवाज कमी करतो, २०० हर्ट्झच्या आसपासचा. काँक्रीटच्या खाचांचा सूर त्याने फारसा जाणार नाही, तिथे टायरची नक्षी महत्त्वाची. पंक्चर निघतं, पण आतून पॅच मारायचा तर तेवढा फोम कापून काढावा लागतो, हायवेवरचा पंक्चरवाला हात लावेलच असं नाही. बाकी टायरवाल्यांनी सांगा, माझं काम काचेपर्यंत.