विषय: दुधाच्या बाटल्या किती महिने उकळायच्या?

लंडनमधल्या हॅरोहून, सात महिन्यांच्या मुलीची आई:

नमस्कार मंडळी,
लेकीला नुकतेच सात महिने पूर्ण झाले. उष्टावण झालं, नाचणीची पेज आवडीने खाते आणि आता घरभर रांगते. दारातल्या चपला, सोफ्याची कड, जे हाताला लागेल ते तोंडात. आणि मी रोज रात्री तिच्या बाटल्या, टीट (बाटलीची रबरी बोंडं), वाट्या-चमचे, दात शिवशिवतात म्हणून घेतलेली रबरी खेळणी, सगळंच स्टरलायझरमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, लावत बसते. सासूबाई साताऱ्याहून म्हणतात, "आता पुरे कर गं, पोरीला थोडी सवय होऊ दे." हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाची तब्येत बघणाऱ्या इथल्या सरकारी परिचारिका, म्हणतात, वर्षापर्यंत करा. सकाळ-रात्र अंगावर पिते, दिवसा वरचं दूध, म्हणजे पावडरचं. नक्की काय थांबवू आणि काय चालू ठेवू?

न्यू जर्सीहून (आधी आम्ही हॅरोतच होतो):

ताई, इकडचा सल्ला बराच वेगळा आहे. सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, सांगते की बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर दिवसातून एकदा तरी बाटल्या निर्जंतुक करणं विशेष महत्त्वाचं. त्याहून मोठ्या, निरोगी बाळाच्या वस्तू दर वेळी नीट धुतल्या जात असतील तर रोज त्याची गरज नसेलही. डिशवॉशरला कढत पाणी आणि गरम वाळवणी असेल तर वेगळं उकळायलाही सांगत नाहीत. आमच्या धाकटीचं आम्ही असंच केलं. दोन देशांत इतका फरक का, हे मलाही समजून घ्यायचंय.

स्लाऊहून, काकू (नवजात बाळांच्या विभागातून निवृत्त परिचारिका):

अगं, तुझ्या सासूबाईंचं आणि हेल्थ व्हिजिटरचं, दोघींचंही म्हणणं मला पटतं. कारण त्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

चप्पल तोंडात घातली तर पोटात थोडे जंतू जातात आणि सात महिन्यांचं निरोगी बाळ ते पचवतं. बाटलीत तसं होत नाही. टीटच्या आतल्या बाजूला, बाटलीच्या आट्यांमध्ये दुधाचा पातळ थर राहतो, आणि कोमट दुधासारखं जंतूंना मानवणारं दुसरं काही नाही. रात्री चार असतील तर सकाळपर्यंत त्यांचे लाखो होतात. म्हणून घर किती स्वच्छ आहे यापेक्षा भांड्यात दूध होतं का, हे आधी बघायचं.

तेव्हा तुझ्यासाठी: वाट्या, चमचे, ताटली सहा महिन्यांनंतर साबणाच्या कढत पाण्याने धुतलीस की पुरे. खेळणीही धू, ती वाफवायची गरज नाही. पाण्याचा कपही तसाच, पण त्यात पावडरचं दूध घातलंस तर त्याला बाटलीसारखंच वागव. बाटल्या, टीट, झाकणं आणि अंगावरचं दूध काढायचा पंप वापरत असशील तर त्याचे दुधाला लागणारे भाग मात्र वर्षाचा वाढदिवस होईपर्यंत. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, किमान बारा महिने म्हणते आणि मीही तेच सांगेन.

अमेरिकेतल्या आमच्या भावाचंही चुकीचं नाही. तिथला सल्ला "दर वेळी नीट धुतलं तर" या अटीवर उभा आहे. रात्री तीन वाजता झोपेत असलेले आईबाप ती अट पाळतीलच याची मला खात्री वाटत नाही, म्हणून मला इथला ठोक नियम जास्त आवडतो. शिवाय इथे डिशवॉशरमधून काढलेली बाटली स्वच्छ मानतात, निर्जंतुक नाही. आणि बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर कुणीही यात सूट घेऊ नका. दीड किलोच्या बाळांना साध्या जंतूंशी झुंजताना मी पाहिलंय.

आता कळकळीने एक सांगते. स्टरलायझरचा दिवा लागला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी घासणं. दूध पिऊन झालं की लगेच साबणाच्या कढत पाण्यात, ब्रशने, टीट उलटी करून घासायचं, मग गार वाहत्या पाण्याखाली धरायचं. साय चिकटलेल्या टीटला वाफ देऊन उपयोग नाही. उकळणार असाल तर सगळं पाण्याखाली बुडवून १० मिनिटं. निर्जंतुक करायच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या द्रावणात किमान ३० मिनिटं, आणि द्रावण २४ तासांनी बदलायचं. फडक्याने पुसू नका.

आणि पावडर! डबा सीलबंद असला तरी पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि अगदी लहान बाळात त्यांनी मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून किटलीत निदान १ लिटर ताजं पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७०° सेल्सियसच्या खाली जात नाही. त्या पाण्यात पावडर मिसळून मग बाटली गार नळाखाली धरा. बाटल्या तासभर वाफवून दूध कोमट पाण्यात कालवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे सगळी मेहनत वाया जाते.

वेम्बलीहून, दोन नातवंडांची आजी:

आमच्या वेळी बाटली फारशी नव्हती. वाटी-चमचा, नाहीतर बोंडलं. माझ्या सुनेला तिच्या आईने सहाण आणि बाळगुटीचा पुडा पाठवलाय, बाळ दोन महिन्यांचं आहे. सहाण उकळून घेतली तर गुटी चालेल का?

स्लाऊहून, काकू:

आजी, सहाण उकळली तरी मी नाही म्हणेन. दगडाला बारीक छिद्रं असतात, आणि उगाळलेली मुळी तर कच्चीच पोटात जाते. सहा महिने नुसतं दूध, दुसरं काही नको. आणि मधाचं बोट तर वर्ष होईपर्यंत अजिबात नको. मधातले बोट्युलिझमचे (एक गंभीर विषबाधा) बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि तान्ह्या आतड्यात त्यांचं विष तयार होतं. विहीणबाईंना वाईट वाटेल हे मला कळतं. सहाण जपून ठेवा, चंदन उगाळायला होईल. वाटी-चमचा मात्र उत्तम, धुवायला बाटलीपेक्षा कितीतरी सोपा.

हॅरोहून, मुलीची आई:

काकू, खूप आभार. आज वाट्या आणि खेळणी स्टरलायझरमधून बाहेर काढली. अजून एक: डिसेंबरात साताऱ्याला जातोय. तिथे आरओचं पाणी आहे, ते तसंच वापरू का? आणि आमच्या स्टरलायझरच्या तळाशी पांढरा थर धरलाय.

स्लाऊहून, काकू:

आरओचं पाणीसुद्धा उकळायचं. गाळलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे. विकतच्या बाटलीतलं पाणीही तसंच, शिवाय त्यात सोडियम जास्त असू शकतं. प्रवासाला तयार द्रव दुधाची छोटी पाकिटं घे आणि गोळ्या घे, तिकडे वीज गेली तरी अडणार नाही. पांढरा थर आपल्याकडच्या जड पाण्यातल्या चुन्याचा. व्हिनेगर-पाणी घालून तासभर ठेव, मग खळखळून धू.

वर्षानंतर फुल फॅट गाईचं दूध सुरू होईल, तेव्हा बाटलीच सोडव आणि कप दे. स्टरलायझर टाकू नकोस, मंडळात कुणाला तरी लागेलच. देताना टीट मात्र नव्या घ्यायला सांग.

वेम्बलीहून, आजी:

आमच्या सुनेला लागेल. डिसेंबरनंतर नक्की कळव गं.