नववीची धाराविद्युत: आधी तार की आधी सूत्र?

निक्रोम
‘धाराविद्युत’ची सुरुवात फळ्यावर ओहमचं सूत्र लिहून करू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच तासाला पोरांच्या हाती तार आणि सेल द्यावे. व्होल्टला अँपिअरने भागलं की दरवेळी जवळपास तोच आकडा येतो, हे त्यांना दिसू द्यावं. तो आकडा म्हणजे तारेचा रोध, ओहममध्ये. ओहमचं नाव मागाहून आलं तरी चालतं. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, पोर्शन मात्र पुण्या-मुंबईएवढाच. म्हणून होतं उलटं: सूत्र, पाच गणितं, आणि प्रयोग फेब्रुवारीत वहीत उतरवून घ्यायचा.

साहित्य नाही ही सबब चालणार नाही. तालुक्याला इस्त्री-शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडे 1000 वॅटची कॉइल मिळते. 230 व्होल्टला तिचा रोध सुमारे 53 ओहम. निक्रोमचा, म्हणजे कॉइलच्या तारेच्या मिश्रधातूचा, रोध तापल्याने थोडाच वाढतो, त्यामुळे थंड कॉइलही पन्नासच्या आसपास भरते. वेढे मोजून पाच सारखे तुकडे केले की पाच गटांना दहा-दहा ओहम. प्रत्येक गटाला दीड व्होल्टचे चार सेल, एक मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजणारा मीटर) आणि तार आवळायला स्क्रूचा कनेक्टर. निक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, त्या नादी लागू नका. एक सेल, मग दोन, तीन, चार. व्होल्ट आणि अँपिअरचा तक्ता चार ओळींचा. प्रत्येक वाचनाला दोन-तीन सेकंदच जोडणी ठेवायची, नाहीतर सेल बसतात.

चढउतार
निक्रोम सर, तार मिळेल हो. गणित कुठून आणता? मी गणित शिकवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. तुमच्या प्रयोगाच्या शेवटी व्होल्ट-अँपिअरचा आलेख काढून त्याचा चढ घ्यायचा असतो. रेषेचा चढ येतो दहावीच्या निर्देशक भूमितीत. नववीचं पोरगं तो काढणार कसा?

आणि आलेखातली खरी गंमत सांगतो. अँपिअरची वाचनं 0.14, 0.27, 0.39, 0.49 अशी आली की निम्मी पोरं अक्षावर सारख्या अंतराने हेच चार आकडे लिहितात. दुसऱ्या अक्षावरही तसंच. मग बिंदू एका रेषेत येणारच, तार लावा की टोमॅटो लावा! तुम्ही म्हणता ‘बघा, ओहमचा नियम’, आणि त्या कागदावर नियमाचा पत्ताच नसतो. त्यापेक्षा आधी सूत्र द्या, समप्रमाणाची दहा गणितं घ्या, प्रमाण पक्कं झालं की मग तार.

निक्रोम
आलेखाचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय सूत्र आधी देणं नव्हे, नववीत आलेख न काढणं हा आहे. तक्त्यात तिसरा रकाना करा: व्ही भागिले आय, म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. गुणोत्तर-प्रमाण नववीच्या गणितातच आहे, तेवढं पुरतं.

चढउतार
1.4 भागिले 0.14 करायला सांगून पाहा. उत्तरं येतात 0.1, 1, 10 आणि 100. दोन्हीकडे शंभराने गुणून 140 भागिले 14 करायचं, हे फळ्यावर आधी दाखवावंच लागतं. म्हणजे पहिला तास गणिताचाच झाला की नाही?

लालवायर
तुमच्या भांडणात मीटर जळून राहिले ना बाप्पा! दोघांनीही हे सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

मल्टिमीटरला तीन भोकं असतात. अर्धा अँपिअर मोजायचा तर लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात हवी. पोरं ती मिलिअँपिअरच्या भोकात घालतात आणि आतला फ्यूज उडतो. मीटर व्होल्ट दाखवत राहतो, त्यामुळे फ्यूज उडालेला पुढच्या वर्षीपर्यंत कळतही नाही. दुसरी चूक याहून वाईट: धारा मोजून झाली, नॉब व्होल्टवर फिरवला, पण वायर 10 अँपिअरच्याच भोकात राहिली. मग टोकं सेलला लावली की थेट शॉर्ट. स्वस्त मीटरांत त्या भोकाला बहुधा फ्यूज नसतो. वायर आणि सेल तापतात. म्हणून गटागटांत धारेचा मीटर एकदा जोडला की तिथेच राहू द्या. व्होल्टचा एकच वेगळा मीटर घेऊन मास्तरांनी फिरावं.

आणि तक्त्यात 1.5, 3, 4.5, 6 असं बसल्या जागी लिहू देऊ नका. अर्धा अँपिअर ओढला की चार सेल सहाऐवजी पाचच्या आसपास दाखवतात. तारेच्या दोन टोकांमध्ये मोजलेलं तेवढंच लिहा.

मधलीसुट्टी
एवढा खटाटोप काहून? टॉर्चचा बल्ब लावा. पेटतो, पोरं खूश.

निक्रोम
बल्ब सगळ्यात वाईट. उजळलेल्या तंतूचा रोध थंड असतानापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. दोन सेल लावले तरी धारा दुप्पट होत नाही आणि नियम पहिल्याच दिवशी खोटा पडतो. आताच्या टॉर्चमध्ये तर एलईडी असतो, एका सेलवर पेटतच नाही. दहावीला ‘तापमान स्थिर असताना’ ही अट समजवायला बल्ब आणा, तिथे तो सोन्यासारखा आहे.

मधलीसुट्टी
मग मोबाइलवर फेट (PhET) या वेबसाइटचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा प्रयोग, दाखवा. मराठीतही आहे, मीटर जळायची भीती नाही.

लालवायर
तिथे आकडे फार शहाण्यासारखे येतात. खऱ्या मीटरवर पहिली ओळच नेहमी वाकडी असते: 10 अँपिअरच्या रेंजवर शेवटचा अंक 0.01 चा. 0.14 च्या जागी 0.13 दिसलं तर दहाचे पावणेअकरा ओहम होतात. चौथ्या ओळीत 0.49 चे 0.48 झाले तर फक्त 10.2. मोठं वाचन जास्त भरवशाचं का, हे पोरांना यातूनच कळतं.

चढउतार
हे पटलं, आणि हा गणिताचाच धडा आहे बरं! तरी एक अडचण उरतेच. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गात अर्धी बाकं रिकामी. सूत्र मित्राच्या वहीतून उतरवता येतं, चुकलेला प्रयोग कुठून उतरवणार?

निक्रोम
त्यासाठीच साहित्य कपाटात कुलूपबंद नको. कनेक्टरला आवळलेली तार एका डब्यात तयार ठेवा. परत आलेली चार पोरं मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटांत तक्ता भरतात. सेल मात्र होल्डरमधून काढून वेगळे ठेवा. पावसाळ्यात ते गळतात आणि स्प्रिंग खातात. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी पॉलिश पेपरने घासा, मगच जोडा. नाहीतर आकडे दर सेकंदाला उड्या मारतात आणि दोष तारेवर येतो.