शाळा मुलाकडे गेली, ही बाजूही पाहा

मुलांच्या शिक्षणाच्या या चर्चेत असा मुद्दा आला आहे की, इंग्लंडात चर्चने मुलांना शाळेत आणलं, आपल्याकडे धर्मानेच अडवलं. अर्धंच पटतं. तिथेही चर्च पुरेसं पडलं नाही, म्हणून 1870 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला आणि हजेरीची सक्ती 1880 मध्ये झाली. इकडे बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं शिक्षण लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं त्याच धर्तीचं विधेयक मात्र 1912 मध्ये कायदेमंडळात पडलं. आपल्याकडे फक्त धर्म आडवा आला असं म्हणणं म्हणजे ब्रिटिश सरकारला फुकटची सूट!

मी ठाण्याचा, त्यामुळे शाळाच मुलाकडे गेल्याचं जवळचं उदाहरण देतो. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये कोसबाडला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर 2014 मध्ये वेगळा झाला. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख, बिया, खडे वापरले. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, तर पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. मोठी मुलं गुरांमागे जात, म्हणून गुरं चरतात तिथेच भरणारी कुरणशाळा. धाकटं भावंड सांभाळावं लागतं म्हणून थोरली घरी राहते, हे ओळखून शाळेला पाळणाघर जोडलं. मला यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आजही भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष मात्र जूनलाच सुरू होतं, म्हणजे पोरांची शाळा मध्येच सुटते. यात धर्म कुठे आला?