मदत हवी आहे : १८० चौरस फुटांच्या खोलीत दहावीच्या मुलीला जागा कशी काढू?

लालबागची_सून

नमस्कार, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसरा मजला, पागडीची खोली, १० बाय १८. माणसं पाच. मी, नवरा, सासूबाई (वय ७४, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे खाली बसता येत नाही), मुलगी आता दहावीत जाणार आणि मुलगा चौथीत. मुलगी सध्या रात्री ९ पर्यंत अभ्यासिकेत बसते, घरी आली की जेवण, आणि मग लहान्याला झोपायचं असतं म्हणून दिवा बंद. मग ती गॅलरीतल्या बल्बखाली पुस्तक घेऊन बसते. येणारे-जाणारे "काय गं, अजून जागी?" विचारत राहतात. काही तक्रार करत नाही ती, त्याचंच मला जास्त लागतं.

परवा मी टेप घेऊन सगळं मोजलं. मोरी १२ चौरस फूट, ओटा १०, फ्रिज आणि मशीन मिळून ८, दोन कपाटं ९, सासूबाईंचा दिवाण १८, टीव्हीचं युनिट साडेसात, ट्रंकांची चळत ६, माळ्याचा जिना १०. सगळं मिळून साधारण ८० होतं, म्हणजे १०० चौरस फूट मोकळे हवेत ना? पण प्रत्यक्षात सलग मोकळी जागा ६ बाय ७ एवढीच आहे, बाकी सगळ्या पट्ट्या. कपाटाचं दार उघडायला एक पट्टी, मोरीकडे जायला एक पट्टी. त्या ६ बाय ७ मधे आम्ही जेवतो आणि तिथेच रात्री मी आणि दोन्ही मुलं झोपतो. नवरा गॅलरीत झोपतो, पावसाळ्यात आत येतो तेव्हा तर विचारू नका.

इंटरनेटवर बघितलं तर सगळीकडे आरसा लावा, पांढरा रंग द्या, हायड्रॉलिक बेड घ्या. आरशाने खोली मोठी दिसेल पण मुलीने बसायचं कुठे? आणि सामान कमी करा म्हणतात, ते सामान बहुतेक आईंचं आहे (सासूबाईंना आई म्हणते मी). तांब्याचा बंब, हंडे, कळश्या, पितळी परात, लग्नातल्या ट्रंका, चार कापसाच्या गाद्या. या खोलीत त्यांनी पन्नास वर्षं संसार केलाय, मी त्यांना टाका कसं म्हणू? बजेट ४० हजार, ताणून ५०. बिल्डिंग उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) आहे, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, त्यामुळे भिंतीत फार पैसे घालायचे नाहीत. प्लीज सुचवा.

गिरगावकर

ताई, तुम्ही माळ्याचा जिना लिहिला पण माळा नाही मोजलात. किती बाय किती आहे, आणि वर काय ठेवलंय?

लालबागची_सून

माळा मागच्या बाजूला, ओट्यावर, १० बाय ८. खोलीची उंची साडेअकरा फूट आहे, माळ्याच्या तुळया ७ फुटांवर, वर ४ फूट उंची मिळते. तिथे गाद्या, बंब-हंडे, गणपतीचं मखर आणि डेकोरेशन, जुना कूलर, सासऱ्यांची कागदपत्रं आणि रिकामी खोकी. खोकी कशाची ते खरंच आठवत नाही.

गिरगावकर

मग तुमची सलग जागा तिथे आहे की. ८० चौरस फूट! मी गिरगावात अशाच खोलीत वाढलो, आम्ही सहा जण, आणि माझी बारावी माळ्यावर झाली. ४ फुटांत उभं राहता येत नाही पण मांडी घालून बसायला भरपूर, बैठं टेबल आणि पाठीला लोड, बस्स. वर गेलं की खालचा आवाज असतो पण कोणी मधे येत नाही, ते महत्त्वाचं. मला तर अजून खुर्चीवर बसून नीट वाचता येत नाही. फक्त उकाडा, तो सांभाळायला लागेल. मे महिन्यात आमच्याकडे माळ्यावर बसवत नसे, कारण पुढून फळ्या ठोकून बंद केलेला होता, हवा फिरायचीच नाही. तुमचाही तसा असेल तर पुढच्या फळ्या काढून जाळी किंवा नुसते उभे गज ठेवा आणि भिंतीवरचा छोटा पंखा लावा.

सुतारपक्षी

इंटिरियरची कामं करतो, जुन्या चाळींमधली बरीच केली आहेत. गिरगावकरांशी सहमत, पण आधी एक काम करा. माळा रिकामा करून तुळया तपासा, खासकरून मोरीच्या बाजूच्या, कारण ओल तिथेच मुरते. तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, लाकूड भुसभुशीत लागलं किंवा वाळवीची माती दिसली तर पुढचं सगळं थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. ठणठणीत असेल तरी मी म्हणेन एकदा दाखवाच, मुलगी बसणार आहे. तुळयांना भोकं पाडायची नाहीत, भिंत फोडायची नाही. एक दिलासा म्हणजे तांब्याचे हंडे, कूलर आणि ओल धरलेल्या कापसाच्या गाद्या यांच्यापेक्षा मुलगी आणि तिची पुस्तकं हलकीच असतील.

खालच्या खोलीसाठी माझं मत, टीव्हीचं युनिट काढा. टीव्ही भिंतीवर, खाली काही नको. साडेसात फूट वाचतात हा मुद्दा नाही, भिंतीपर्यंतची जमीन दिसायला लागते. डोळा जमीन मोजतो हो, जमीन जेवढी लांब दिसेल तेवढी खोली मोठी वाटते. दिवाणाचं पण तेच, त्यांचा दिवाण खोक्याचा असेल तर राहू द्या, आत गाद्या जातील, पण बाकी जे काही नवीन घ्याल ते पायांवर उभं असलेलं घ्या. दोन कपाटं समोरासमोर असतील तर एका भिंतीला शेजारी शेजारी आणा, तुमच्या दोन पट्ट्यांची एकच पट्टी होईल. आणि काहीही हलवायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं कपाटाच्या, दिवाणाच्या मापाची कापून जमिनीवर अंथरा आणि चार दिवस तसेच वावरा. कुठे अडखळता ते लगेच कळतं, फुकटात.

प्लाय घेणार असाल तर मोरी-ओट्याजवळ आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा, मरीन), बाकी ठिकाणी साधा आयएस ३०३ चालेल. सगळं स्क्रूवर सुटं बनवून घ्या म्हणजे नवीन घरात नेता येईल. ३३(७) मधे, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमात, निदान ३०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळतं, तिथेही हेच फर्निचर लागणार आहे.

रंग पांढराच असं नाही, पण भिंती आणि छत एकाच फिक्या रंगात द्या. दोन रंग दिले की जिथे रंग बदलतो तिथे नजर थांबते. मधे एकच ट्यूबलाइट असेल तर कोपरे काळे राहतात आणि खोली आखूड दिसते, माळ्याच्या पुढच्या तुळईखाली एक एलईडी पट्टी लावून बघा, ओटा पण उजळेल.

ताम्हण

डिझाइनचं मला कळत नाही, पण आईंच्या भांड्यांबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंच्या वेळी मी चुकले होते. त्या बाहेरगावी असताना मी सगळं मोडीत दिलं, चांगल्या मनाने दिलं होतं, पण त्या वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत आणि आता त्या नाहीत. तुम्ही त्यांना काय टाकायचं ते विचारू नका, काय काय खाली हवंय ते विचारा. एखादी कळशी रोजच्या पाण्याला वापरात आणा, परात भिंतीवर टांगा. माळ्यावर अंधारात पडलेल्यापेक्षा डोळ्यासमोर राहील. आणि जिच्यासाठी जागा करायची आहे ती नात आहे हे नातीलाच सांगू द्या.

लालबागची_सून

सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधे खरंच कामाला लागलो होतो.

मुलीनेच आजीला सांगितलं. आई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या सगळं खाली काढा, मी बसून बघते. दिवाणावर बसून त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली, प्रत्येकीची गोष्ट सांगितली, त्यात पूर्ण रविवार गेला. एक कळशी, परात आणि त्यांच्या आईने दिलेला एक डबा ठेवला. बंब आणि हंडे मे महिन्यात चिपळूणला दिरांकडे जाणार, तिथे अंगणात बंब अजून पेटवतात. दोन गाद्यांचा कापूस पिंजून नवीन करून घेतल्या, त्या दिवाणात गेल्या. दोन फेकल्या, त्या आईंनीच सांगितल्या. मखर सुटं करून दाराच्या वरच्या फळीवर बसलं. खोक्यांमधे खोकीच होती.

तुळया इंजिनीअरला दाखवल्या, मोरीच्या बाजूची एक शेवटाकडे मऊ निघाली, तिला खालून लोखंडी आधार देऊन मोरीचा सांधा भरून घेतला, त्यात १४ हजार गेले. टीव्ही भिंतीवर गेला. पेपर अंथरायची युक्ती फार उपयोगी पडली, कपाट जिथे ठेवणार होतो तिथे आईंच्या काठीला वळायला जागा राहत नव्हती, ते अंथरल्यावरच कळलं. आता सलग जागा जवळपास ८ बाय ९ झालीय. नवरा आत झोपतो.

मुलगी कालपासून वर बसायला लागली. रात्री साडेअकराला बघितलं तर दिवा चालू, खाली लहाना गाढ झोपलेला.

आता एकच राहिलंय. माळ्याच्या पुढच्या फळ्या काढून गज लावायचेत, पण जिन्याच्या तोंडाशी कठडा किती उंच ठेवू? वर उंची ४ फूटच आहे, जास्त ठेवला तर वाकून आत शिरता येत नाही, कमी ठेवला तर रात्री झोपेत खाली यायची भीती वाटते. सुतार दीड फूट म्हणतोय, मला कमी वाटतंय. सुतारपक्षी, तुम्ही काय ठेवता?