मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो, पण अंक पेजमेकरमध्ये लावतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी दर रविवारी कॉलेजच्या मुलांना लिनक्स आणि लिब्रेऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअर (ज्यांचा कोड कोणीही पाहू, बदलू, वाटू शकतो) शिकवतो. सहा वर्षं झाली. मित्रांबरोबर एक छोटा दिवाळी अंकही काढतो, त्याची अक्षरजुळणी माझ्याकडे. ती मात्र विंडोजवर, पेजमेकर या पानं लावायच्या बंदिस्त (कोड न दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड ही अक्षरांची प्रमाण पद्धत न पाळणाऱ्या जुन्या फाँटात.

गेल्या रविवारी एका मुलीने विचारलं, "सर, आम्हाला जे सोडायला सांगता ते तुम्ही का वापरता?" छापखान्याला तीच फाइल लागते, असं सांगितलं. तेव्हापासून चैन नाही.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गटही बंदिस्त सॉफ्टवेअरवरच आहे, पण तो सोडला तर मुलंच तुटतील. वायफायच्या फर्मवेअरचं (यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं) म्हणाल तर डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीनेही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. अंकाचं तसं नाही. तिथे मी सवयीने अडकलोय.

अशा माणसाने मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करावा का? तुम्ही रेषा कुठे ओढता? आणि स्क्रायबस या पानं लावायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी आख्खा मराठी अंक लावलाय का? मी त्याच्या १.४ आवृत्तीवर करून पाहिलं होतं, जोडाक्षरं पार विस्कटली. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, त्याचं काय करता?

प्रतिसाद

सर, १९८३ मध्ये मुक्त संगणक-प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर झाला तेव्हा तो सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनाही युनिक्स या बंदिस्त प्रणालीवरच काम करावं लागलं. युनिक्सची जागा घेणारं काही उभं करण्यासाठीच तो वापरतोय, ही त्यांची भूमिका. पर्याय तयार झाला की ते कारण संपतं. लिनक्स कर्नलवाल्यांनी (लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांनी) २००२ मध्ये कोडमधले बदल सांभाळणारं बिटकीपर हे बंदिस्त सॉफ्टवेअर घेतलं ते निव्वळ सोयीसाठी. २००५ मध्ये फुकट वापराची मुभा गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना घाईने गिट हा मुक्त पर्याय लिहावा लागला. गिट उत्तम निघालं, पण दोरी दुसऱ्याच्या हातात होती हे खरंच. माझी रेषा तिथे आहे: बाहेर पडायचं काम चालू आहे का? असेल तर खुशाल शिकवा, आणि अंकाचं मुलांपासून लपवू नका.

स्क्रायबस १.६ घ्या, जोडाक्षरं नीट येतात. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवतात, युनिकोडमध्ये नेमकं उलट. रूपांतरक तिथेच चुकतात. शोधा-बदला करून बरंच सुटतं, उरलेलं मुद्रितशोधनात. आणि छापखान्याला पीडीएफ चालेल का, हे विचारलंत का?

धागाकर्ता

आज फोन केला. पीडीएफ चालेल, फक्त मजकूर एकट्या काळ्या शाईत हवा आणि सोळा पानांचा एक फॉर्म आधी दाखवा, म्हणाले. सहा वर्षांत मी विचारलंच नव्हतं. रविवारी तो फॉर्म त्या मुलीला सोबत घेऊनच लावतो. त्याआधी एक सांगा: छपाईत बारीक टाइपातही स्पष्ट उमटेल असा कोणता मुक्त मराठी फाँट तुम्ही स्वतः वापरलाय?